बारा कोटी कोटींतला एक झिरो

टेबलावर मावणारं, संगणकाच्या आज्ञांवर चालणारं घरगुती सीएनसी मिलिंग मशीन. हौशी लोक त्याला '3018' म्हणतात, कारण त्याचा बेड 30 सेंटीमीटर लांब आणि 18 सेंटीमीटर रुंद. टूल वर-खाली जातं जेमतेम साडेचार सेंटीमीटर. नंदुरबार जिल्ह्यातल्या कळसाडीसारख्या गावात घराच्या पडवीतही ते सहज बसेल. या एवढ्याशा जागेत किती बिंदू आहेत, हा हिशोब एकदा तरी मांडून बघावाच.

स्टेपर मोटर एका फेऱ्यात 200 स्टेप टाकते. मोटर चालवणारं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, त्या प्रत्येक स्टेपचे 16 तुकडे करतो, म्हणजे फेऱ्याला 3,200. तेवढ्यात स्क्रू टूलला 4 मिलिमीटर पुढे नेतो. म्हणजे एका मिलिमीटरमागे 800 पावलं आणि एक पाऊल सव्वा मायक्रॉनचं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आता गुणाकार करू. लांबीत 2,40,000 पावलं, रुंदीत 1,44,000, उंचीत 36,000. एकूण बिंदू 1,24,41,60,00,00,00,000. साडेबारा कोटींना एक कोटीने गुणलं की साधारण ही संख्या येते. सेकंदाला एक या वेगाने मोजायला बसलं तर जवळजवळ चार कोटी वर्षं लागतील. एवढ्या मोठ्या संख्यांना आपल्याकडे नावं मात्र केव्हाच होती. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास 'लीलावती'त एकावर पंधरा शून्यांना अंत्य म्हटलं आणि त्यापुढे परार्धापर्यंत, सतरा शून्यांपर्यंत, नावं दिली. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापला, त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. म्हणजे नंदुरबार आहे त्या खानदेशातच.

या अंत्यभर बिंदूंतला एक निवडून मशीनला सांगायचं, 'हा तुझा झिरो.' कारण मशीनला यातलं काहीच दिसत नाही. बेडवर पितळ आहे की लाकूड, की काहीच नाही, याचा त्याला पत्ता नसतो. ते फक्त पावलं मोजतं. टूल कडेला पोहोचल्याचं सांगणारे लिमिट स्विच नसतील तर चालू करताना टूल जिथे असेल त्याच जागेला ते शून्य धरतं.

आडवे दोन झिरो जॉबचा, म्हणजे कोरायच्या तुकड्याचा, कोपरा पाहून जमतात. खरी परीक्षा उभ्या झिरोची, झेडची. जुना आणि भरवशाचा उपाय म्हणजे झेरॉक्सचा कागद. तो जॉबवर ठेवायचा, बोटाने हलकेच मागे-पुढे सरकवत राहायचा आणि टूल एकेक शतांश मिलिमीटर खाली आणायचं. कागद किंचित अडायला लागला की थांबायचं. साध्या कागदाची जाडी साधारण 0.1 मिलिमीटर असते, म्हणून स्क्रीनवर झेडच्या रकान्यात 0 न लिहिता 0.1 लिहायचं. त्या एका कागदात 80 पावलं मावतात.

सर्किट बोर्ड कोरायला घेतला की मात्र कागदही जाडाभरडा वाटू लागतो. बोर्डावरच्या तांब्याचा थर सहसा 35 मायक्रॉनचा, म्हणजे 28 पावलांचा. झिरो अर्ध्या कागदाने वर राहिला आणि फाइलमध्ये कोरण्याची खोली 0.05 मिलिमीटरच असली, तर टूल तांब्याला शिवून नुसतं फिरून येतं. तेवढाच खाली गेला तर टोकदार टूलची रेघ रुंद होते आणि बारीक ट्रॅक खाल्ले जातात.

मध्येच वीज गेली तर? कुणी हात लावला नाही, टूल जागचं हललं नाही, तेव्हा झिरो शाबूत असणार असं वाटतं. तसं नसतं. वीज आली की मोटरचा रोटर जवळच्या ठरलेल्या जागी उडी मारून बसतो. ही उडी दोन पूर्ण स्टेपपर्यंत असू शकते, म्हणजे 40 मायक्रॉन. तांब्याच्या अख्ख्या थरापेक्षा जास्त! वीज गेल्यावर झेड पुन्हा घ्यायचा तो यासाठी.

मला खरं थक्क करतं ते पुढचं गणित. ज्या जमिनीवर हे टेबल ठेवलंय ती तरी कुठे स्थिर आहे? भारतीय भूपट्ट वर्षाला साधारण 5 सेंटीमीटर सरकतो, म्हणजे तासाला साडेपाच मायक्रॉनच्या वर. साडेसतरा तासांत एका कागदाची जाडी पार. नंदुरबारखालचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते तो लाव्हा वर आला तेव्हा हा प्रदेश आज रियुनियन बेट आहे त्या भागावर होता. विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण 21 अंशांवरून तो उत्तरेला 21 अंशांवर आला. चंद्र-सूर्याच्या ओढीने जमीनही भरती-ओहोटीसारखी वर-खाली होते आणि हा चढउतार तीसेक सेंटीमीटरपर्यंत जातो. सहा तासांत तेवढं अंतर म्हणजे सेकंदाला सरासरी अकरा पावलं, आणि तीही नेमकी झेडच्या दिशेने! शिवाय पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला 30 किलोमीटर धावते, म्हणजे मशीनच्या मापाने सेकंदाला 2,400 कोटी पावलं.

तरी कोरलेली रेघ जराही ढळत नाही. जॉब, व्हाइस, टूल, सगळं एकत्र वाहून जातं. झिरो हे आकाशातलं ठिकाण नाही, टूलचं टोक आणि जॉबचा पृष्ठभाग यांच्यातलं ते अंतर आहे.

म्हणूनच पृथ्वीच्या धावण्याने जे बिघडत नाही ते मे महिन्यातल्या उन्हाने बिघडतं, कारण ऊन सगळ्यांना सारखं ताणत नाही. अंशागणिक एका मीटरमागे ॲल्युमिनियम 23 मायक्रॉन वाढतं, पोलाद साधारण निम्मं. पहाटे 27 अंशांना झिरो घेतला आणि दुपारी पारा 42 वर गेला, तर 30 सेंटीमीटरची ॲल्युमिनियमची पट्टी 100 मायक्रॉनच्या वर वाढते, तेवढ्याच लांबीचा पोलादी स्क्रू 50 च्या आसपास. उरलेला अर्ध्या कागदाचा फरक जॉबवर उतरतो. मोजमापासाठी जगाने ठरवलेलं प्रमाण तापमान 20 अंश आहे, ते खानदेशात मे महिन्यात रात्रीही सहसा मिळत नाही. तेव्हा काम सकाळी लवकर सुरू करावं, टूल फिरवणारा स्पिंडल दहा मिनिटं रिकामा फिरवून तापू द्यावा, मगच कागद लावावा. आणि लांबलचक जॉब दुपारपर्यंत गेलाच, तर मध्ये थांबून तिन्ही झिरो पुन्हा घ्यावेत.