कुंपणात न गेलेले गाव : लॅक्स्टन

इंग्लंडचे खेडे म्हटले की हिरव्या कुंपणांनी चौकोन पाडलेली शेते डोळ्यांपुढे येतात. ही कुंपणे बरीचशी अलीकडची. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटने हजारो कायदे करून गावोगावची सामायिक राने वाटून टाकली. जमीनदाराचा खंड वाढला; गायरानावर एखादी गाय पाळणारा मजूर मात्र उघड्यावर आला.

नॉटिंगहॅमशायरमधल्या लॅक्स्टनमध्ये हे काम अर्धवट राहिले. वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड ही तीन मोठी राने तिथे अजून खुली आहेत. प्रत्येक कुळाच्या पट्ट्या तिन्ही रानांत विखुरलेल्या, म्हणजे चांगली-वाईट जमीन सगळ्यांच्या वाट्याला यावी. एका रानात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरायचे पीक आणि तिसरे पूर्वी पड, आता बहुधा चाऱ्याला. दरवर्षी पाळी बदलते. आपल्या पट्टीत मनाला येईल ते पेरण्याची मुभा नाही. पूर्वी कापणीनंतर सगळ्या गावाची गुरे एकत्र रानात सोडत, त्यासाठी पीकही एकाच वेळी निघावे लागे. घरेही शेतांवर न विखुरता गावातल्या रस्त्यालगतच राहिली.

या पट्ट्यांचा १६३५ चा नकाशा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. मार्क पिअर्सने तो काढला; नांगरणारे, कापणी करणारे, शिकारी असे सगळे त्यात रंगवले आहेत. काढवून घेणारा गावाचा तेव्हाचा मालक, लंडनचा व्यापारी सर विल्यम कोर्टेन. त्याच वर्षी त्याच्या मंडळींनी पहिल्या चार्ल्स राजाकडून पूर्वेकडच्या व्यापाराचा परवाना मिळवला आणि ईस्ट इंडिया कंपनीशी स्पर्धा मांडली. जॉन वेडेलच्या हाताखालची त्यांची गलबते १६३६ मध्ये गोव्याला पोहोचली. पुढे कारवारला वखारही झाली. कोर्टेन त्याआधीच वारला होता. त्याचा व्यापार बुडाला, नकाशा टिकला.

नकाशापेक्षा मला महत्त्वाची वाटते ती गावची ज्युरी. नोव्हेंबरच्या अखेरीस ज्युरीतले शेतकरी गव्हाच्या रानात फिरतात, हद्दीच्या खुंट्या ठोकतात, कोणी नांगर वाटेवर किंवा सामायिक गवतात घातला का ते पाहतात. बांध कोरण्याचा मोह कोणत्याही देशातल्या शेतकऱ्याला सुटलेला नाही. आठवड्याने गावच्या डव्हकोट इन या पबमध्ये ‘कोर्ट लीट’ हे गावचे न्यायालय भरते आणि दंड सुनावला जातो. रक्कम किरकोळ असते. चारचौघांत नाव निघते, ते जास्त झोंबते.

१९५२ मध्ये तेव्हाचे मालक अर्ल मॅन्व्हर्स यांनी गाव सरकारच्या कृषी खात्याला विकले, ते ही पद्धत जपली जावी म्हणून. १९८१ मध्ये ते क्राउन इस्टेटकडे गेले आणि २०२० मध्ये पुन्हा मॅन्व्हर्स घराण्याच्या वारसांच्या थॉर्सबी इस्टेटकडे. मालक इतके बदलले, पण राने राखली ती कुळांनीच. पट्ट्या पूर्वीपेक्षा रुंद झाल्या आहेत, नांगर आता ट्रॅक्टर ओढतो. त्यामुळे लॅक्स्टनला मध्ययुगाचा नमुना म्हणणे मला पटत नाही. ते आजही पीक काढून पोट भरणारे गाव आहे.