माडी, पाइंट आणि बसायची जागा

पावसच्या पुढे, मुचकुंदी जिथे समुद्राला मिळते तिथला पूर्णगड किल्ला तासाभरात पाहून होतो. त्यानंतर अख्खी संध्याकाळ हाताशी उरते. अशा गावात परक्या माणसाने कुठे बसायचे? देवळात दर्शन घेऊन निघायचे असते, टपरीवरचा चहा पाच मिनिटांत संपतो, आणि धक्क्याजवळ जाळी तुणत बसलेल्यांच्या गप्पांत नवख्याला एकदम शिरता येत नाही. डब्लिनला दोन-तीन दिवसांसाठी गेलेल्या माणसाला ही अडचण येत नाही. कुणाची ओळख नसली तरी तो पबमध्ये जाऊन बसू शकतो. आपल्याकडचे लोक या सोयीचे श्रेय आयरिश स्वभावाला किंवा तिथल्या दारूला देतात. मला वाटते, ते वाढण्याच्या कामाला आणि त्या कामाभोवती राखलेल्या जागेला द्यायला हवे. अशी जागा तयार होण्याजोगे पेय आणि ते काढणारे हात कोकणातही होते. ते का मागे पडले, हे नीट पाहायला हवे.

आधी डब्लिनचे काम पाहू. स्टाउट, म्हणजे तिथली काळी बिअर, ओतताना ग्लास पंचेचाळीस अंशांत तिरका धरतात, पाऊण भरतात आणि तसाच ठेवून देतात. नायट्रोजनचे बारीक बुडबुडे काचेलगत खाली जाताना दिसतात, हळूहळू काळा द्रव आणि साईसारखा फेस वेगळे होतात, मग वरचा भाग भरला जातो. गिनेस कंपनी या सगळ्याला ११९.५ सेकंद लागतात असे सांगते. त्या दोन मिनिटांत गिऱ्हाईक फळीपाशी उभे असते, आणि शेजारच्याशी हवापाण्यावर बोलणे तिथेच सुरू होते. पेयात मद्यार्क सव्वाचार टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे एक पाइंट अर्धा-पाऊण तास पुरतो. ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीला लागून १८३३ पासून कॅव्हाना कुटुंबाचा पब आहे. तिथे टीव्ही नाही, संगीत नाही. अंत्यविधीहून आलेली माणसे आणि रोजचे शेजारी एकाच लाकडी बाकांवर बसतात. खेड्यांतल्या जुन्या पबांत पुढे किराणा आणि मागे मद्य अशी रचना असे, म्हणजे मीठ-साखर घ्यायला आलेला माणूसही तिथलाच. पाहुण्याने डब्लिनमध्ये पाहायचे ते हे. टेम्पल बारच्या गल्ल्यांत पर्यटकांसाठी रंगवलेले दर्शनी भाग त्या मानाने किरकोळ आहेत.

आता माड. न उमललेली पोय, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याचा कोंब, दोरीने घट्ट बांधायची, लाकडाने किंवा हाडाने तिच्या अंगावर रोज हलके ठोकायचे, अशा रीतीने ती मऊ करून खाली वाकवायची आणि मग टोकाचा पातळ काप घ्यायचा. याला माड छेवणे म्हणतात. काप जाड घेतला तर पोय लवकर संपते, घेतलाच नाही तर तोंड सुकते आणि रस थांबतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ माडावर चढणे आले, खोडातल्या खाचांत पाय रोवून, कमरेला सुरी आणि मडके बांधून. पहाटे उतरवलेला रस गोड असतो. आतून चुना लावलेल्या मडक्यात तो गोडच राहतो, ती नीरा. चुना नसेल तर काही तासांत तो आंबून त्याची माडी होते, आणि दुसऱ्या दिवशी त्याची वाट व्हिनेगरकडे लागलेली असते. कोकणात हे काम परंपरेने भंडारी समाजाने केले, गोव्यात रेंदेरांनी. गोव्यातल्या पोदेरांचा पावही एके काळी याच माडीने फुगत असे.

या पेयाचे दोन गुण स्टाउटशी जुळतात. ते सौम्य आहे, चार-पाच टक्क्यांच्या आसपासचे, आणि ते जिथल्या तिथे प्यावे लागते. साठवता येत नाही, लांब पाठवता येत नाही. म्हणजे माडीला गाव लागते, वेळ लागतो, बसायला ओटा लागतो. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने नेमके याच कामावर बोट ठेवले. माड छेवायला परवाना आणि झाडामागे कर आला. झाड मोजून कर घ्यायचा तर रोज दोनदा चढणाऱ्याचे गणित बिघडते. कारखान्यातून मोजून बाहेर पडणाऱ्या गाळीव दारूवर कर बसवणे सरकारलाही सोपे आणि विकणाऱ्यालाही. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला. बंदी नंतर सैल झाली, तरी कागदावर आजही पिणाऱ्याला परवाना लागतो. माडी विक्रीचे परवाने अजून दिले जातात, पण बाजार बाटलीचा झाला. देशी दारूची नेहमीची बाटली ४२ टक्क्यांच्या वरची. ती घोटभर प्यायली जाते, उभ्याने, घाईने, कुणी पाहू नये म्हणून. बसण्याची जागा गेली, पिणे मात्र राहिले, आणि तेही दसपटीने कडक.

बसून पिण्याची अशी जागा पुन्हा हवी, या म्हणण्यावर पहिला आक्षेप रास्त आहे, तो घरातल्या बाईचा. दारूने महाराष्ट्रात किती संसार मोडले हे सांगायला आकडे लागत नाहीत. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी आली ती लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या चळवळीतून, आणि मतदानाने ‘बाटली आडवी’ करून दुकान बंद पाडण्याचा हक्क स्त्रियांनी झगडून मिळवला आहे. आयर्लंडही या दुखण्यातून सुटलेले नाही. तिथे फादर मॅथ्यू यांनी १८३८ पासून दारू सोडण्याची मोठी चळवळ चालवली, आणि २०२२ च्या जानेवारीपासून सरकारला मद्याची किमान किंमत ठरवून द्यावी लागली. पण ती किंमत कुणाला झोंबली हे महत्त्वाचे आहे. सुपरमार्केटातून घरी नेल्या जाणाऱ्या स्वस्त बाटलीला. पबमधला पाइंट त्या किमतीच्या आधीच बराच वर होता. फळीमागचा माणूस गिऱ्हाइकाला ‘आता पुरे’ म्हणू शकतो, घरातली बाटली म्हणत नाही. माझा मुद्दा दारूच्या बाजूने नाही. पिणे होणारच असेल तर ते सौम्य, उघड्यावर आणि ओळखीच्या नजरेखाली व्हावे, एवढाच आहे.

दुसरा आक्षेप: अशी जागा पुरुषांचीच राहणार. इतिहास या आक्षेपाच्याच बाजूने आहे. जुन्या आयरिश पबांत स्त्रियांना ‘स्नग’ नावाच्या आडोशाच्या खोलीत बसवत. काही ठिकाणी त्यांना पूर्ण पाइंट देतच नसत. तिथेही हे आपोआप सुधारले नाही, भांडावे लागले, आणि २००० साली समान वागणुकीचा कायदा झाला. म्हणून कोकणात अशी जागा व्हायची तर पहिल्या दिवसापासून तिथे जेवण हवे, नीरा हवी, कोकम सरबत हवे, म्हणजे कुटुंबाला येता येईल.

तिसरी अडचण मला सर्वांत अवघड वाटते. माडावर चढणार कोण? उंचावरून पडण्याची भीती, हंगामी मिळकत आणि कामाला चिकटलेला कमीपणा, यामुळे मुलगा मुंबईची नोकरी पत्करतो, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. गोव्याच्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिला नाव आणि भाव आला. माडीला तसा मार्ग नाही, कारण ती बाटलीत टिकत नाही. तिचा भाव वाढायचा तो जागेवरच, खळ्यात बसून पिणाऱ्याकडून. म्हणून करून पाहायची गोष्ट लहान आहे: स्वतःचे माड असलेल्याला आपल्याच खळ्यात, जेवणासोबत, ठरलेल्या वेळात माडी आणि नीरा वाढण्याचा स्वस्त परवाना. झाडावरचा कर माफ, चढणाऱ्याचा विमा परवान्यातच धरलेला, आणि परवाना द्यायचा की नाही हे ठरवायला गावातल्या स्त्रियांची स्वतंत्र सभा.