नव्वदीतही स्नायू हाक ऐकतात

तीन आठवडे नुसतं पडून राहायचं. उठायचं नाही, चालायचं नाही. १९६६ साली अमेरिकेतल्या डॅलस शहरात विशीतल्या पाच धडधाकट तरुणांनी संशोधकांसाठी हे केलं. अंथरूण सोडलं तेव्हा त्यांच्या शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजे आपल्या बोलण्यातला ‘दम’, पाव हिश्शाहून अधिक घटला होता.

पण खरं नवल पुढेच आहे. १९९६ मध्ये त्याच पाच जणांना पुन्हा गाठलं गेलं. आता ते पन्नाशीला आलेले, वजनंही वाढलेली. दम मोजला, आणि काय दिसलं? तीस वर्षांनी मिळून जेवढा दम नेला, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी नेला होता! मग सहा महिने त्यांनी चालणं, हळूहळू धावणं, सायकल असा व्यायाम केला. वयाने नेलेला दम परत आला, विशीतल्या त्या प्रयोगाआधी होता तेवढा.

हे कळल्यापासून एक प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. आपण ज्याला म्हातारपण म्हणतो, त्यात वयाचा वाटा किती आणि बसून राहण्याचा किती?

पन्नाशीचं ठीक आहे, पण नव्वदीत काय होणार? १९९० साली डॉ. मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी याचं उत्तर छापलं. बोस्टनमधल्या एका शुश्रूषाकेंद्रात राहणारे, सरासरी नव्वद वर्षांचे दहा जण त्यांच्या प्रयोगात उतरले. आठवड्यातून तीनदा बसून, पायाला वजन लावून गुडघा सरळ करायचा. वजन लुटुपुटूचं नव्हतं, चांगला कस लागेल असं होतं. आठ आठवड्यांत पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाली. दोघांची तर काठी सुटली!

आता एक कोडं. स्कॅनमध्ये मांडीचा स्नायू वाढलेला दिसला तो जेमतेम ९ टक्के. मग एवढी ताकद आली कुठून?

बरीचशी आली मज्जासंस्थेतून. पाठीच्या कण्यातल्या एकेका चेतापेशीच्या हाताखाली स्नायूचे शेकडो तंतू असतात. काम नसलं की मुकादम मोजकेच मजूर बोलावतो, तसं इथेही होतं. बरेच तंतू जिवंत असतात, पण त्यांना बोलावणंच जात नाही. ओझं उचलायला लावलं की जास्त चेतापेशी कामाला लागतात, भराभर संदेश सोडतात. ताकद आत होतीच, तिला फक्त हाक हवी होती.

वयाबरोबर काही चेतापेशी मरतात, हेही खरं. पण मग शेजारची चेतापेशी आपल्या टोकाला नवी फांदी फोडते आणि पोरक्या झालेल्या काही तंतूंना जोडून घेते. केवढी ही सोय!

आणि स्नायू स्वतः? १९६१ मध्ये अलेक्झांडर मॉरो यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या स्नायुतंतूंना चिकटून बसलेल्या चिमुकल्या पेशी दिसल्या. तुमच्याआमच्या शरीरातही त्या असतात, एरवी झोपलेल्या. तंतूला इजा झाली की त्या जाग्या होतात, वाढतात आणि तंतूत मिसळून त्याची डागडुजी करतात. म्हातारपणी त्यांची संख्या आणि चपळाई कमी होते, पण त्या साफ संपत नाहीत.

हे सारं कळल्यावर मला आपल्या घरातली माया वेगळी दिसू लागली. “आजी, तुम्ही बसा, मी आणते पाणी.” “बाबा, जिना कशाला चढता?” आपण प्रेमाने बोलतो, आणि त्याच प्रेमाने एकेका तंतूची हाक बंद करत जातो. आजारपणात विश्रांती हवीच, आणि वजनं उचलण्याआधी डॉक्टरांना विचारावं. पण एरवी?

मी स्वतः आता जेवायला जमिनीवर मांडी घालून बसते आणि शक्यतो हात न टेकता उठते. साधी गोष्ट वाटते ना? मांड्या, पोटऱ्या, कंबर आणि तोल सांभाळणारा मेंदू, सगळ्यांना एकाच वेळी काम मिळतं. रोज लक्ष देऊन केलं की कुठे आधार घ्यावासा वाटतो, कोणता पाय कच्चा पडतोय, हेही कळतं.

घरातल्या थोरांना जपायचं असेल, तर त्यांच्या वाटणीची कामं काढून घेऊ नका. सोबतीला उभे राहा, पण उठू द्या त्यांचं त्यांना.