१२ खुर्च्या आणि मेन्यूकार्ड गायब : वांद्र्यातलं 'शेफ्स काउंटर' नेमकं चालतं कसं?

हॉटेलात गेल्यावर पहिलं काम काय? मेन्यूकार्ड मागायचं, आधी उजवीकडचे आकडे बघायचे आणि मग ऑर्डर द्यायची. पण मुंबईत, वांद्र्याच्या रणवारमध्ये एक जागा अशी आहे जिथं यातलं काहीच करावं लागत नाही.

रणवार म्हणजे वांद्र्यातलं ईस्ट इंडियन लोकांचं जुनं गावठाण. अरुंद गल्ल्या, लाकडी जिने असलेली बैठी घरं आणि नाक्यावर क्रूस. तिथल्या 'व्हेरॉनिकाज' या सँडविचच्या दुकानावर २०२४ मध्ये 'पापाज' सुरू झालं. एकूण खुर्च्या १२ आणि त्याही काउंटरला लागून. काय खायचं हे शेफ हुसेन शहजाद आणि त्यांची टीम ठरवते.

अशा जागेचं रील बघितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. एवढ्याशा घासाला एवढे पैसे का?

त्यासाठी आधी दोन शब्द समजून घेऊ. 'शेफ्स काउंटर' ही बसायची पद्धत आहे. स्वयंपाकघर आणि पाहुणा यांच्यात भिंत नसते, बनवणाराच समोर ताट ठेवतो. 'टेस्टिंग मेन्यू' ही वाढायची पद्धत आहे. छोटे छोटे आठ-दहा किंवा त्याहून जास्त पदार्थ ठरलेल्या क्रमानं येतात. हलक्या चवीपासून सुरुवात होते, मधे जड पदार्थ येतात आणि शेवट गोडानं होतो.

काउंटरची मुळं जपानमध्ये आहेत. तिथं सुशीच्या दुकानात गिऱ्हाईक 'ओमाकासे' म्हणतं, म्हणजे 'तुमच्यावर सोपवलं'. ही पद्धत बघून फ्रेंच शेफ जोएल रोबुशाँ यांनी २००३ मध्ये 'लातेलिए' सुरू केलं आणि महागडं फ्रेंच जेवण काउंटरवर आणलं. मुंबईत २०१६ मध्ये महालक्ष्मीच्या जुन्या लोकरीच्या गिरणीच्या आवारात 'मास्क' सुरू झालं. तिथंही ठरलेलाच मेन्यू. २०२३ मध्ये आशियातल्या ५० सर्वोत्तम रेस्टॉरंट्सच्या यादीत ते १६ व्या नंबरावर होतं.

'पापाज' हे नाव फ्लॉइड कार्डोझ यांच्या आठवणीत ठेवलंय. मुंबईत जन्मलेल्या या शेफनं १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या 'तबला'मध्ये भारतीय मसाले फाइन डाइनिंगमध्ये नेले. २०१५ मध्ये 'द बॉम्बे कॅन्टीन' उभं करण्यातही त्यांचा हात होता. मार्च २०२० मध्ये कोविडनं त्यांचं निधन झालं.

आता येऊ पैशांच्या गणितावर. साध्या हॉटेलात एक टेबल संध्याकाळी तीन-चार वेळा भरतं. इथं एक जेवण दोन-तीन तास चालतं, त्यामुळे खुर्ची पुन्हा पुन्हा विकता येत नाही. पण भाडं, पगार आणि गॅस थांबत नाही. म्हणून सगळा खर्च मोजक्या डोक्यांवर पडतो.

त्यात १२ पैकी दोघं आलेच नाहीत, तर त्या बैठकीची सहावा हिस्सा कमाई गेली. बरं, त्या दोघांसाठी आणलेला मासा दुसऱ्याला विकायचीही सोय नाही. म्हणूनच अशा ठिकाणी पैसे किंवा निदान डिपॉझिट आधी घेतात. या पद्धतीचा एक फायदाही आहे. किती जण येणार हे आधीच माहीत असल्यानं माल मोजून आणता येतो आणि नासाडी कमी होते. शंभर-दीडशे पदार्थांचं मेन्यूकार्ड सांभाळणाऱ्या हॉटेलला हे जमत नाही.

तसं बघितलं तर न विचारता वाढणं आपल्याला नवीन नाही. पंगतीत काय खाणार असं कुणी विचारत नाही. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर अशी प्रत्येकाची जागा ठरलेली असते आणि वाढपी समोर उभा असतो. फरक आहे तो आग्रहाचा. पंगतीत पान रिकामं दिसलं की अजून वाढतात, इथं प्रत्येक घास मोजलेला असतो. पंगतीत पदार्थ आवडला नाही तर पुढचा वाढून घेता येतो, इथं मात्र न आवडलेल्या घासाचेही पैसे मोजलेले असतात. म्हणजे पाहुणा जेवणाबरोबर दुसऱ्याच्या निवडीवरचा विश्वासही विकत घेतो. तो विश्वास खरा ठरवायची जबाबदारी शेफवर येते, कारण काउंटरवर चूक लपवायला आडोसा नसतो.

म्हणूनच बुकिंग करण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. शाकाहारी मेन्यू वेगळा आहे की मांसाहारीतूनच काढलेला? सांगितलेल्या रकमेत टॅक्स धरलाय का? बुकिंग रद्द केलं तर किती पैसे परत मिळतात? आणि सर्व्हिस चार्ज लावणार का? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही त्या सूचना कायम ठेवल्या.

बाकी पोट भरायचंच असेल, तर त्याच वांद्र्यात पावभाजीची गाडी आहेच. तिथंही बनवणारा समोरच उभा असतो, आणि बटर किती घालायचं हे गिऱ्हाईक सांगतं.