पाण्यानं कोरलेलं न्हाणीघर

हंगेरीच्या ईशान्य कोपऱ्यातलं मिश्कोल्त्स हे शहर कालपरवापर्यंत लोखंड-पोलादाच्या कारखान्यांसाठी ओळखलं जायचं. त्या भट्ट्यांची धग आता विझली आहे. आज बुडापेस्टहून सुमारे दोन तासांचा आगगाडीचा प्रवास करून माणसं इथे उतरतात, ती बऱ्याचदा शहराच्या दक्षिण टोकाला असलेल्या मिश्कोल्त्सतापोल्त्सा या उपनगरात जाण्यासाठी. ब्युक्क नावाच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी चुनखडीचा एक कडा आहे. त्याच्या पोटात गुहा आहे, गुहेत नैसर्गिक कोमट पाणी आहे आणि त्या पाण्यात माणसं डुंबतात. मध्ययुगात बेनेडिक्टाइन पंथाच्या साधूंचा मठ या झऱ्यांच्या परिसरात होता. सध्याचं गुहास्नानगृह लोकांसाठी खुलं झालं ते १९५९ साली.

बाहेरून पाहणाऱ्याला वेगळं काही जाणवत नाही. तिकीटखिडकी, कपडे बदलायच्या खोल्या, मनगटात अडकवायचा पट्टा, ओल्या फरशीवर चपलांचा फटफट आवाज, सगळं युरोपातल्या कुठल्याही जलतरणगृहासारखंच. फरक कळतो तो पाण्यात उतरून डोंगराच्या आत शिरल्यावर. भुयार वळत जातं, छत कधी हाताला लागेल इतकं खाली येतं, कधी एकदम घुमटासारखं वर जातं. पाणी बहुतेक ठिकाणी उभं राहून चालता येईल इतकंच खोल असल्यानं न पोहणारी माणसंही निर्धास्तपणे पुढे सरकतात. एका मार्गिकेत पाण्याला मुद्दाम वेग दिला आहे. तिथे अंग सैल सोडलं की प्रवाहच पुढे नेतो. एका दालनात मिट्ट अंधार ठेवून छतावर चांदण्यांसारखे बारीक दिवे लावले आहेत. पोरांची पावलं त्या दालनातून निघता निघत नाहीत.

इथलं सगळंच निसर्गानं घडवलेलं आहे असं मात्र नाही. मूळच्या पोकळ्या माणसानं रुंद केल्या, एकमेकींना जोडल्या, काही भाग नव्यानं खोदला. तरीही दगड खरा आहे आणि पाणीही खरं आहे.

या पाण्याचं तापमान साधारण ३० अंश सेल्सिअस. आपल्याकडे बंबातलं पाणी याहून चांगलंच कढत असतं, त्यामुळे भारतीय पाहुण्याला पहिल्या क्षणी 'हे कसलं गरम पाणी?' असं वाटू शकतं. पण त्या सौम्यपणातच इथली गंमत आहे. ३८-४० अंशांच्या कुंडात पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर या, असं सांगावं लागतं; काळजाची धडधड वाढते, रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांना तर ते झेपत नाही. इथे तास-दीड तास सहज निघतो. शिवाय पाण्यात क्षार फार कमी. गंधकाच्या झऱ्यांजवळ येणारा कुजक्या अंड्यांसारखा वास इथे नाही. ज्यांना आणखी ऊब हवी त्यांच्यासाठी जादा तापवलेल्या पाण्याचे वेगळे हौद आहेत. बाहेर बर्फ पडत असताना आत निवांत डुंबणं हा हिवाळ्यातला खास आनंद, आणि हंगेरीची मंडळी तो मनसोक्त लुटतात.

डोंगराच्या पोटात ऊन पाणी आलं कुठून, याचं उत्तर दोन भागांत द्यावं लागतं.

पहिला भाग जमिनीच्या उष्णतेचा. जगात साधारणपणे जमिनीत एक किलोमीटर खाली गेलं की तापमान २५ ते ३० अंशांनी वाढतं. हंगेरीखाली पृथ्वीचं कवच ताणलं जाऊन पातळ झालेलं असल्यानं हीच वाढ ४५-५० अंशांच्या घरात जाते. ब्युक्कच्या माथ्यावर पडलेला पाऊस आणि वितळलेलं बर्फ चुनखडीच्या भेगांतून झिरपतं. त्यातलं काही पाणी वरच्या वर फिरून थंडच बाहेर पडतं. काही मात्र खोल उतरतं, तापतं, हलकं होतं आणि डोंगर जिथे संपून मैदान सुरू होतं तिथल्या भेगांतून पुन्हा वर येतं. तापोल्त्साच्या झऱ्यांत ही दोन्ही पाणी भेटतात, खोलातलं जुनं ऊन आणि वरचं ताजं थंड. त्यांच्या मिसळण्यातून ते ३० अंश तयार होतात.

दुसरा भाग दगडाचा, आणि खरं नवल इथेच आहे. पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळला की ते किंचित आम्लधर्मी होतं आणि चुनखडी विरघळवू लागतं. दगड विरघळता विरघळता पाणी तृप्त होतं. मग त्याच्याकडून आणखी झीज होत नाही. पण अशी दोन तृप्त पाणी, ज्यांच्यात कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण वेगवेगळं आहे, एकत्र आली तर मिश्रण पुन्हा अतृप्त होतं आणि दगड खायला लागतं. आल्फ्रेड ब्योग्ली या स्विस अभ्यासकानं १९६०च्या दशकात ही प्रक्रिया गुहांच्या जन्माशी ठामपणे जोडून दाखवली. त्यात आणखी एक गोष्ट अशी की चुनखडी गरम पाण्यापेक्षा गार पाण्यात जास्त विरघळते. म्हणजे खोलातून वर येणारं पाणी जसजसं निवतं तसतशी त्याची दगड खाण्याची ताकद वाढते. जिथे ऊन आणि थंड पाणी भेटतं, नेमकी तिथेच पोकळी तयार होते.

तेव्हा अशा गुहेत गरम पाणी नंतर येऊन राहिलं, असं नव्हे. पाण्यानंच ती गुहा कोरली.

याची खूण पाहायची तर डुंबताना मान वर करावी. नदीनं कोरलेल्या गुहेत भिंतींवर प्रवाहाच्या दिशेनं लांबट खोबणी दिसतात. उष्ण पाण्याच्या गुहांत मात्र छताला गोलाकार, गुळगुळीत खळगे पडलेले असतात. एकात एक, एकाला लागून एक. पाणी संथपणे वर-खाली फिरत राहतं, पाण्याच्या पातळीवरच्या हवेतली वाफ थंड दगडावर जमते, तिचे थेंब दगड विरघळवतात, आणि हजारो वर्षांत अशी वाटीसारखी नक्षी तयार होते. दिव्यांच्या रंगीत रोषणाईत ती सहज नजरेतून सुटते. बुडापेस्टमधल्या बुडा टेकड्यांखालच्या गुहांत ती जास्त ठळक दिसते.

त्या टेकड्यांखाली तर आजही हे काम चालू आहे. रोझाडोम्ब टेकडीच्या पायथ्याशी, लुकाच स्नानगृहासमोर एक छोटं तळं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मोल्नार यानोश नावाच्या औषधविक्रेत्यानं इथल्या झऱ्यांच्या पाण्याचा अभ्यास करून अनुमान काढलं की यामागे डोंगरात गुहा असली पाहिजे. त्याच्या हाताशी पाणबुड्याची साधनं नव्हती; होतं ते रसायनांचं ज्ञान. पुढे पाणबुडे आत उतरले तेव्हा गुहा सापडली आणि तिला त्याचंच नाव मिळालं. २००२ साली आणखी आतली, पाण्यानं भरलेली प्रचंड दालनं उजेडात आली. आता ज्ञात भुयारांची लांबी कित्येक किलोमीटर भरते. पाणी साधारण २० ते २७ अंश. तिथे सामान्य माणसाला डुंबता येत नाही, प्रशिक्षित पाणबुड्यांनाच प्रवेश. इतरांनी समोरच्या लुकाचमध्ये जावं. तिथल्या अंगणाच्या भिंतीवर बऱ्या झालेल्या रुग्णांनी लावलेल्या आभाराच्या संगमरवरी पाट्या आहेत, निरनिराळ्या भाषांतल्या. गाणगापूर-नरसोबाच्या वाडीला नवस फेडून आलेल्या मराठी माणसाला त्या पाट्यांमागची भावना चटकन कळेल.

हे सगळं वाचताना कोकणातली उन्हाळी आठवणं साहजिक आहे. वज्रेश्वरी-अकलोली-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, दापोली तालुक्यातलं उन्हवरे, संगमेश्वराकडचं तुरळ-राजवाडी-आरवली, तिकडे जळगाव जिल्ह्यातलं उनपदेव: महाराष्ट्रात ऊन पाण्याला तोटा नाही, आणि तापोल्त्सापेक्षा ते किती तरी जास्त गरम आहे. मग आपल्याकडे गुहेत स्नान का नाही? कारण दगड. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट चुनखडीसारखा विरघळत नाही. पाणी त्याच्या भेगेतून सरळ वर येतं, आपण त्याला दगडी कुंड बांधतो, शेजारी देऊळ उभारतो. आपल्याकडे गुहा कोरल्या त्या माणसांनी, छिन्नी-हातोड्यानं.

लाव्हाच्या प्रदेशात गुहा आणि ऊन पाणी एकत्र येतातच, पण वेगळ्या वाटेनं. आइसलंडच्या उत्तरेला मीवात्न सरोवराजवळ ग्र्योतागिया नावाची भेगेतली गुहा आहे. इथे जमिनीचे दोन महाकाय तुकडे, उत्तर अमेरिकेचा आणि युरेशियाचा, एकमेकांपासून दूर सरकताहेत आणि लाव्हाचा थर त्या ताणानं फाटला आहे. फटीच्या तळाशी निळसर, स्वच्छ, गरम पाणी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला एक फरारी माणूस इथे राहत असे आणि याच पाण्यात अंघोळ करत असे, असं सांगतात. विसाव्या शतकात गावकऱ्यांचं हे आवडतं न्हाणीघर होतं; पुरुषांची फट वेगळी, बायकांची वेगळी. १९७५ ते १९८४ या काळात शेजारच्या क्राप्ला ज्वालामुखीचे उद्रेक होत राहिले, जमिनीखालचा तप्त रस सरकला आणि पाण्याचा पारा ५० अंशांच्या पलीकडे गेला. अंघोळ बंद पडली. पुढे पाणी हळूहळू निवत गेलं, तरी आता तिथे उतरायला मनाई आहे, फक्त पाहायचं. 'गेम ऑफ थ्रोन्स' या मालिकेतल्या एका प्रसंगामुळे तिथे पर्यटकांची रीघ लागली. डुंबायचंच असेल तर जवळच २००४ पासून चालू असलेली मीवात्नची उघडी कुंडं आहेत.

इटलीतल्या टस्कनी प्रांतात मोन्सुम्मानो तेर्मे इथली ग्रोत्ता जुस्ती तिसऱ्याच तऱ्हेची. १८४९ साली कवी जुझेप्पे जुस्ती यांच्या कुटुंबाच्या जमिनीत चुनखडी काढताना मजुरांना ती सापडली. इथे मुख्य उपचार वाफेचा. माणसं अंगरखे घालून गुहेत शिरतात आणि खुर्च्यांवर निवांत बसून घाम काढतात. आत जावं तसा उष्मा वाढत जातो, म्हणून भागांना दान्तेच्या महाकाव्यावरून स्वर्ग, शुद्धिलोक आणि नरक अशी नावं दिली आहेत. नरकात हवा ३४ अंशांच्या आसपास आणि ओलावा जवळपास पूर्ण. मुंबईचा मे महिना काढलेल्यांना तो नरक सुसह्य वाटेल.

पुन्हा हंगेरीकडे वळायला हवं, कारण गुहेतल्या पाण्याचं दुखणं काय असतं ते तिथेच नीट कळतं. चुनखडीचा डोंगर पाणी झरझर आत घेतो, पण मातीसारखं ते गाळत नाही. मिश्कोल्त्स शहर पिण्याचं पाणी ब्युक्कच्या याच झऱ्यांतून घेतं. २००६ सालच्या जूनमध्ये मुसळधार पावसानं माथ्यावरची घाण भेगांतून थेट खाली नेली आणि शहरात ३,६०० पेक्षा जास्त लोक पोटाच्या विकारानं आजारी पडले. वरच्या रानात, वस्तीत, सांडपाण्याच्या खड्ड्यात जे चालतं ते काही तासा-दिवसांत खालच्या झऱ्यात उतरतं. हंगेरीनं १९६१ पासून देशातल्या सगळ्या गुहांना कायद्याचं संरक्षण दिलं आहे, ते म्हणूनच मोलाचं वाटतं. पण गुहा राखायची तर वरचा डोंगरही राखावा लागतो.

पश्चिम हंगेरीत याहून मोठा धडा मिळाला. हेविझ इथे सुमारे साडेचार हेक्टरांचं उष्ण पाण्याचं नैसर्गिक तळं आहे. शेकडो माणसं रबरी कडी कमरेला घेऊन त्यात तरंगत असतात. १९७५ साली इश्त्वान प्लोझेर हा पाणबुडा तळाशी, ३८ मीटर खोलीवर असलेल्या झऱ्याच्या तोंडातून आत शिरला आणि तिथे त्याला गुहा सापडली. तिच्यातही तोच प्रकार: थंड आणि ऊन झरे एकत्र होऊन तळं भरतात. प्रवाह इतका दांडगा की तळ्यातलं पाणी सुमारे तीन दिवसांत पूर्ण बदलतं. पण त्याच काळात न्यिराद इथल्या बॉक्साइटच्या खाणी कोरड्या ठेवण्यासाठी भूगर्भातलं पाणी अहोरात्र उपसलं जात होतं. खाण तिकडे आणि झरा इकडे, मध्ये कितीतरी किलोमीटर. तरी हेविझचा प्रवाह घटत घटत निम्म्याच्या आसपास आला.

न्यिरादच्या जवळ तापोल्त्सा नावाचं दुसरं गाव आहे, बालातोन सरोवराच्या उत्तरेला. नावसाधर्म्यामुळे प्रवासी हमखास गोंधळतात, तेव्हा तिकीट काढताना जपावं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे विहीर खणताना पाण्यानं भरलेली गुहा लागली. तिचं पाणी कोमटाकडे झुकणारं, सुमारे २० अंशांचं. गावातल्या रुग्णालयाखालीही गुहा आहे आणि तिच्या ओल्या, धूळविरहित हवेत श्वसनाच्या रुग्णांवर उपचार होतात. खाणीच्या उपशानं पर्यटकांची गुहा मात्र कोरडी पडली, होड्या टेकल्या. लोकांनी आवाज उठवला, अभ्यासकांनी आकडे मांडले आणि १९९० साली खाण बंद झाली. त्यानंतर पाणी वर्षागणिक वर चढत गुहेत परतलं. आता पाहुणे स्वतःच छोटी होडी वल्हवत त्या भुयारातून फेरी मारून येतात. छत काही ठिकाणी बरंच खाली असल्यानं डोकं सांभाळावं लागतं, आणि उन्हाळ्यात रांग मोठी असल्यानं सकाळी दार उघडायच्या सुमारालाच पोहोचलेलं बरं.