स्पंज धुतलात, पण वाळवलात का?

मेकअप पाउचची चेन उघडा, आतला स्पंज बाहेर काढा आणि जरा नाकाजवळ न्या. कुबट वास आला? पावसाळ्यात दोन दिवस न वाळलेल्या मोज्यांना येतो तसा? मग फाउंडेशन कितीही चांगल्या कंपनीचं असू दे, ते चेहऱ्यावर पोचतंय या वासातूनच.

हा अंड्याच्या आकाराचा गुलाबी स्पंज आता बारामतीच्या दुकानांत काय किंवा इंदापूरच्या आठवडे बाजारात काय, कुठेही मिळतो. मूळ कल्पना लॉस एंजेलिसच्या मेकअप आर्टिस्ट रिया अ‍ॅन सिल्वा यांची. टीव्हीच्या शूटिंगमध्ये कॅमेरे एचडी झाले, चेहऱ्यावरचा प्रत्येक पट्टा दिसायला लागला, तेव्हा त्या तिकोनी स्पंजच्या कडा कापून त्याला गोल करायच्या. त्यातून ‘ब्युटी ब्लेंडर’ आला. आपण वापरतो त्या बहुतेक त्याच्या स्वस्तातल्या नकला. नक्कल असण्याबद्दल काही तक्रार नाही. काम दोन्हींचं एकच, आणि दोन्हींची अडचणही एकच. ओला केला की हा स्पंज फुगतो, कारण त्याच्या आत हजारो बारीक पोकळ्या असतात आणि त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. पाणी जिथवर जातं तिथवर फाउंडेशन, घाम, त्वचेचं तेल आणि मेलेल्या पेशीही जातात. जंतूंना याहून जास्त काय लागतं? खायला आहे, ओल आहे, वर बंद पाउचचा अंधारही आहे.

इंग्लंडमधल्या अ‍ॅस्टन विद्यापीठातल्या अमरीन बशीर आणि पीटर लॅम्बर्ट यांनी २०१९ मध्ये याच गोष्टीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोक रोज वापरत असलेल्या ४६७ वस्तू त्यांनी तपासल्या. त्यात लिपस्टिक, लिपग्लॉस, आयलायनर, मस्कारा होते आणि ७९ ब्लेंडर होते. सगळ्यात जास्त जंतू सापडले ते ब्लेंडरमध्ये. त्यांतले ९३ टक्के ब्लेंडर एकदाही धुतलेले नव्हते. ६४ टक्के कधी ना कधी जमिनीवर पडलेले होते आणि तरी पुढे वापरात होते. हा तिकडचा आकडा झाला. एसटीच्या सीटखाली पडलेला स्पंज फुंकर मारून परत पाउचमध्ये गेला, असं इकडे किती जणींच्या बाबतीत झालंय ते तुमचं तुम्हाला माहीत.

आता धुवायचा कसा ते बघू. इथे आपल्या भागाची एक वेगळी गोष्ट आहे, जी मुंबईच्या मुलीने केलेल्या रीलमध्ये सांगितलेली नसते. ती म्हणजे पाणी.

बारामती-इंदापूर पट्ट्यात बऱ्याच घरांत, होस्टेलवर आणि वाड्यावस्त्यांवर वापराचं पाणी बोअरचं किंवा विहिरीचं असतं, आणि ते जड असतं. बादलीच्या कडेला, नळाच्या तोटीवर, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो तो याच पाण्याचा. नीरा डाव्या कालव्याने या भागात ऊस आणला, पण खालच्या जमिनीत क्षारही वर आणले. नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर हॅरॉल्ड मान आणि ताम्हाणे यांनी १९१० मध्येच आख्खी पुस्तिका लिहिली होती. म्हणजे ही तक्रार आपल्या पणजोबांच्या काळातली आहे, फक्त तेव्हा ती उसाची होती आणि आता मेकअप स्पंजचीही आहे.

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. अंगाच्या साबणाची वडी त्यांच्याशी मिळाली की फेस होण्याऐवजी पांढरट, चिकट साका तयार होतो. शाळेत दुष्फेन पाणी म्हणून शिकलो होतो, तेच हे. हा साका बादलीला चिकटतो तसाच स्पंजच्या पोकळ्यांनाही चिकटतो. म्हणून साबणाची वडी घासघासून स्पंज धुणाऱ्यांचा स्पंज दिसायला स्वच्छ, पण हाताला कडक आणि तेलकट लागतो. दोष तुमच्या हाताचा नाही. तुमच्या घरचं पाणी कसं आहे ते दोन मिनिटांत कळतं. रिकाम्या बाटलीत अर्धी बाटली पाणी घ्या, साबणाच्या वडीचा हरभऱ्याएवढा तुकडा टाका आणि जोरात हलवा. वर फेस टिकला तर पाणी ठीक. फेस बसला आणि पाणी दुधाळ झालं, तर जड.

जड पाणी असेल तर वडी सोडा आणि शाम्पू घ्या. लहान बाळाचा सौम्य शाम्पू सगळ्यात बरा. तो नसेल तर भांडी घासायचं लिक्विड, दोन थेंब. दोन्ही साबण नसून डिटर्जंटच्या जातीचे आहेत, जड पाण्यात त्यांचा साका होत नाही. त्यासाठी वेगळं ‘ब्लेंडर क्लीन्झर’ विकत घ्यायची माझ्या मते काही गरज नाही. त्या पैशात वर्षाचे स्पंज येतील.

आधी स्पंज नुसत्या पाण्यात पूर्ण फुगू द्या. कोरड्या स्पंजवर शाम्पू ओतला तर तो वरच्या वर राहतो. मग शाम्पूचे थेंब डागांवर घेऊन तळहातात दाबा, सोडा, दाबा, सोडा. नखं लावायची नाहीत, पिळताना पीळ द्यायचा नाही, तसं केलं की स्पंज फाटतो आणि फाटलेल्या जागी घाण अडकते. पाणी कोमट असलं तर उत्तम. उकळतं नको, त्याने फोम ढिला पडतो. वॉटरप्रूफ फाउंडेशनचे डाग हलत नसतील तर आधी खोबरेल तेलाचा एक थेंब चोळा आणि वरून लगेच लिक्विड. तेल तेलाला सोडवतं, लिक्विड दोघांना घेऊन जातं. दाबल्यावर निघणारं पाणी अगदी पांढरं निघेपर्यंत हे करत राहायचं. शेवटचा एक ग्लास पाणी मात्र जारचं किंवा फिल्टरचं वापरा. एवढ्याने क्षार मागे राहत नाहीत.

फिकट पिवळसर डाग राहिला तर राहू दे. डाग म्हणजे घाण असं प्रत्येक वेळी नसतं. तो घालवायला ब्लीच, कपड्यांची पावडर किंवा जंतुनाशकाचं पाणी वापरू नका. ते पोकळ्यांत राहतं आणि दुसऱ्या दिवशी गालावर उतरतं. ओल्या स्पंजला मायक्रोवेव्हमध्ये फिरवायचा प्रकारही फिरतोय. पाणी कमी पडलं तर स्पंज पेटतो, बाहेर काढताना हात भाजतो. त्याच्या वाटेला न गेलेलंच बरं.

धुणं इथे संपलं, पण खरी चूक यानंतर होते. धुतलेला ओला स्पंज आपण पुन्हा पाउचमध्ये टाकतो आणि चेन लावतो. म्हणजे जंतू कमी केले आणि उरलेल्यांना पाणी पाजून झोपवलं. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, मग वारं लागेल अशा जागी, चारी बाजूंनी मोकळा ठेवा. वाटीच्या तोंडावर, केसांच्या चिमट्याला अडकवून, कसाही. पूर्ण वाळायला बारा तास ते एक दिवस लागतो. कडक उन्हात रोज ठेवला तर फोम पिवळा पडून भुगा व्हायला लागतो, म्हणून खिडकीतली सावली बरी. पावसाळ्यात पंख्याखाली.

ही गोष्ट सांगायला सोपी आहे, करायला नाही, हेही माहीत आहे. निमगाव केतकी, अंथुर्णे, लासुर्णे, सणसरवरून एसटीने बारामतीच्या कॉलेजला येणाऱ्या कितीतरी मुली घरून साध्या निघतात, मेकअप बसमध्ये किंवा कॉलेजच्या वॉशरूममध्ये होतो आणि परतीच्या बसमध्ये तो ओल्या वाइपने उतरतो. घरी कुणी काही बोलू नये म्हणून. अशा घरात गुलाबी स्पंज खिडकीत वाळत घालायचा कसा? होस्टेलवरही आतले कपडे टॉवेलखाली वाळवायची सवय आपल्याला लागलेलीच असते, स्पंज त्याच टॉवेलखाली जातो. लपवलेली वस्तू वाळत नाही, एवढं साधं शास्त्र आहे. म्हणून ज्यांना घरी वाळवणं शक्य नाही त्यांनी मोठा ब्लेंडर घेऊच नये. पातळ तिकोनी स्पंजची पाकिटं मिळतात, एक तुकडा एकदा वापरून टाकून द्यायचा. नाहीतर सरळ धुतलेल्या बोटांनी लावा, फाउंडेशन बोटांनीही छान बसतं. आणि ज्यांच्या घरी आईलाच पटवता येईल त्यांनी तिला सांगा की चेहऱ्यावरचे पुरळ मेकअपने येतात असं तू म्हणतेस, त्यातले काही या ओल्या स्पंजचे असतील. निदान वाळवायला जागा मिळेल.

आता गॅदरिंग. विंगेत बारा जणी, लावणीचा नंबर पाच मिनिटांवर आणि स्पंज एक. पहिलीच्या कपाळावरचा घाम बाराव्या मुलीच्या पापणीपर्यंत पोचतो. नाटकातल्या मुलांनो, तुम्हीही यात आलात, मिशी लावायच्या आधी तुमच्याही चेहऱ्यावर तोच स्पंज फिरतो. २०२३ च्या पावसाळ्यात आळंदी आणि पुणे परिसरात डोळ्यांची साथ आली होती, तेव्हा रुमाल-टॉवेल वेगळे ठेवा म्हणून सगळे सांगत होते. डोळ्यांजवळ फिरणारा स्पंज रुमालापेक्षा वेगळा कसा? ग्रुपमध्ये फाउंडेशन एकच असलं तरी चालेल, ते बाटलीतून स्टीलच्या ताटलीत काढा आणि प्रत्येकीने आपला तुकडा वापरावा. कुणाचे डोळे आलेत किंवा ओठावर जर उठलाय, तिचा तुकडा वेगळा आणि वापरून झाला की थेट कचऱ्यात.

लग्नसराईत पार्लरमध्ये बसाल तेव्हाही हाच प्रश्न आहे. आपल्याआधी त्या खुर्चीत करवली होती, तिच्याआधी नवरीची मावशी. “ताई, माझा स्पंज मी आणलाय, हाच वापराल का?” एवढं विचारायला संकोच वाटतो, पण चांगली ब्युटिशियन याचा राग मानत नाही. स्वतःचं पार्लर काढायच्या तयारीत असाल, कोर्स करत असाल, तर गिऱ्हाइकासमोर नवा स्पंज पाकिटातून काढा. त्या एका कृतीने जेवढा विश्वास बसतो तेवढा भिंतीवरच्या सर्टिफिकेटने बसत नाही.

रोज वापरणाऱ्यांनी स्पंज प्रत्येक वापरानंतर धुवायला हवा. ते जमत नसेल तर एक आड एक दिवस दोन स्पंज फिरवा, म्हणजे एक वाळत असताना दुसरा हाताशी राहतो. साधारण तीन महिन्यांनी बदला. धुऊनही वास जात नसेल, चिरा पडल्या असतील किंवा काळे ठिपके दिसले तर तीन महिन्यांची वाट बघू नका. टाकायच्या आधी ब्लेडने मधोमध कापून मात्र बघा. बाहेरून गुलाबी दिसणारा स्पंज आतून कोणत्या रंगाचा झालाय, ते मैत्रिणींनाही दाखवा.