आधी खुराडे, मग कोंबड्या

मुलांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी कोंबड्या असतील. सकाळी दार उघडले, मूठभर दाणे टाकले आणि संध्याकाळी पुन्हा कोंडले, की झाले कोंबडीपालन, असे आपल्याला वाटते. मलाही तसेच वाटत असे. एका रात्रीने माझा हा समज दूर केला.

सन २००१ मधली ही गोष्ट. मी सातवीत होते. आमचे घर कोकणातील एका खेड्यात होते. गावठी कोंबड्यांची अंडी विकून अम्मीने वर्षभर पैसे साठवले होते. त्या पैशांतून माझी पुढच्या वर्षाची पुस्तके आणि गणवेश घ्यायचा होता. "पैसे नुसते ठेवण्यापेक्षा वाढवू या," असे म्हणून तिने तालुक्याच्या बाजारातून १२ पांढऱ्याशुभ्र कोंबड्या आणल्या. या कोंबड्या जवळजवळ रोज अंडे देतात, असे तिने ऐकले होते. ते खोटे नव्हते. पण त्यांना ठेवायचे कुठे, याचा विचार कोणीच केला नव्हता. पडवीत एक जुने लाकडी खोके होते. त्यातच त्यांना कोंडले.

पावसाळा सुरू झाला. खोक्याचा तळ ओला राहू लागला. आठवडाभरात तीन कोंबड्या मेल्या. मग एका रात्री रानमांजराने कुजलेली फळी उचकटली. सकाळी अंगणात फक्त पांढरी पिसे उरली होती. आमच्या दोन गावठी कोंबड्या नेहमीप्रमाणे आंब्याच्या फांदीवर झोपल्या होत्या, म्हणून वाचल्या.

अम्मी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेली. सारी हकिकत ऐकून डॉक्टर म्हणाले, "भाभी, तुम्ही कोंबड्या आधी आणल्या आणि घराचा विचार नंतर केला. आता उलट करा."

मग उलट कसे करायचे, ते आपण पाहू या.

प्रथम जागा निवडावी. ती उंचवट्यावर असावी. तेथे पाणी साचू नये. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. त्यामुळे दुपारनंतरचे कडक ऊन फक्त आखूड भिंतीवर पडते. खुराडे जमिनीपासून दोन-तीन फूट उंच खांबांवर बांधले, तर खालून ओल चढत नाही. छप्पर कौलांचे असो वा पत्र्याचे, ते भिंतींच्या बाहेर चांगले पुढे आलेले असावे. कोकणात पावसाची झड बहुधा पश्चिमेकडून येते. त्या बाजूला पावसाळ्यात गोणपाट किंवा प्लॅस्टिकचा पडदा सोडावा.

आता आकार. रात्रीच्या निवाऱ्यासाठी एका कोंबडीला सुमारे २ चौरस फूट जागा लागते. म्हणजे १० कोंबड्यांसाठी २० चौरस फूट. ५ फूट लांब आणि ४ फूट रुंद खुराडे पुरेसे होते. कमी जागेत जास्त कोंबड्या कोंडल्या, तर त्या एकमेकींना टोचतात आणि रोग लवकर पसरतो.

भिंतींचा वरचा भाग जाळीचा असावा, म्हणजे हवा खेळती राहते. जाळीची भोके अर्ध्या इंचाहून मोठी नसावीत. मोठ्या भोकांची जाळी कोंबडीला आत ठेवते, पण उंदीर आणि साप यांना बाहेर ठेवत नाही. मुंगूस दिवसा येते, रानमांजर रात्री. म्हणून दाराला पक्की कडी हवी. तळाची प्रत्येक फळी पावसाळ्यापूर्वी तपासावी.

तळावर दोन-तीन इंच जाडीचा भाताच्या तुसाचा थर पसरावा. तो अधूनमधून हलवावा आणि ओला झालेला भाग काढून टाकावा. खुराड्यात डोकावताच तुमचे डोळे चुरचुरले, तर समजा की आत हवा कमी आहे. काढलेले तूस कुजवले, की परसबागेसाठी उत्तम खत होते.

कोंबडीला रात्री उंचावर बसायला आवडते. त्यासाठी गोल बांबूची दांडी बसवावी. प्रत्येक कोंबडीला ८ इंच जागा मिळावी. अंडी घालण्यासाठी अंधाऱ्या कोपऱ्यात गवत घातलेली खोकी ठेवावीत. चार-पाच कोंबड्यांना एक खोके पुरते.

घर तयार झाले. आता कोणती कोंबडी आणायची?

गावठी कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ७० अंडी देते. ती चपळ असते आणि बरेचसे अन्न स्वतः शोधते. ती खुडूक बसते आणि २१ दिवसांत अंडी उबवून पिले काढते. अम्मीने आणलेली पांढरी कोंबडी व्हाइट लेगहॉर्न जातीची होती. ही जात मूळची इटलीतील. ती वर्षाला २५० हून अधिक अंडी देऊ शकते. पण त्यासाठी तिला समतोल खाद्य आणि कोरडे, सुरक्षित घर लागते. ती सहसा खुडूक बसत नाही. अम्मीच्या कोंबड्या मेल्या, यात दोष त्यांचा नव्हता.

या दोहोंच्या मधल्या जातीही आहेत. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसातील पालनासाठी 'वनराज' आणि 'ग्रामप्रिया' या जाती तयार केल्या. वनराज अंगाने भारी असते, त्यामुळे मांसासाठीही उपयोगी पडते. ग्रामप्रिया अंडी अधिक देते. मध्य प्रदेशातील झाबुआ भागातील काळ्या 'कडकनाथ'ला सन २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या मांसाला चांगला भाव येतो, पण ती अंडी कमी देते.

एक गोष्ट लक्षात ठेवा. सुधारित कोंबडीच्या अंड्यांतून घरी काढलेली पिले आईइतकी गुणी निघतीलच असे नाही. म्हणून काही वर्षांनी नवी पिले विकत आणावी लागतात. फक्त अंडी हवी असतील, तर कोंबड्याची गरजही नसते. पिले हवी असतील, तर आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो.

नव्या कोंबड्या दोन आठवडे वेगळ्या ठेवाव्यात. राणीखेत रोगावर औषध नाही, लस आहे. ती वेळेवर टोचून घ्यावी. सन २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूची साथ आली आणि लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. अनेक कोंबड्या अचानक मेल्या, तर त्यांना हात लावू नका. दवाखान्याला लगेच कळवा.

अम्मीने पुढच्या उन्हाळ्यात अब्बांच्या मदतीने बांबू आणि जुन्या फळ्यांचे खुराडे बांधले. एका पावसात ते गळत नाही, हे तिने पाहिले. मगच आठ सुधारित कोंबड्या आणल्या. दोन गावठी होत्याच. आठवीत मी चुलत बहिणीची जुनी पुस्तके वापरली. नववीची नवी पुस्तके मात्र त्या दहा कोंबड्यांनी आणली.

स्वाध्याय

१. गावठी कोंबड्या का वाचल्या?
२. "दोष त्यांचा नव्हता," असे लेखिका का म्हणते?
३. १५ कोंबड्यांसाठी किती चौरस फुटांचे खुराडे लागेल? त्याचा आराखडा काढा.